झेंडा झाला की घरी जाऊ नका

(जळगाव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या एप्रिल महिन्याच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय 'एक मे' एवढाच लिहिला आहे. पत्रिका वाटली तेव्हा मागे बसलेल्या एका दादांनी विचारलं, यात बोलण्यासारखं काय आहे? सकाळी झेंडा लागतो, पोरांचा निकाल लागतो, संपलं. दादांचं म्हणणं खरं आहे. खरं आहे म्हणूनच आम्ही हा विषय घेतला.

आपल्या गावातला एक मे कसा असतो ते कोणाला सांगायला नको. सात-साडेसातला शाळेच्या मैदानात फक्की मारलेली असते. सरपंच दोरी ओढतात, फुलं पडतात, राष्ट्रगीत होतं. २०२३ सालापासून त्याच्या जोडीला राज्यगीत आलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांनी ते घराघरांत पोचवलेलं. गाणं उत्तम आहे, म्हणताना छाती फुगते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मग गुरुजी निकाल वाचतात, पोरं गोळ्या-बिस्किटं घेऊन पळतात आणि नऊच्या आत मैदान रिकामं. ऊन चढायला लागलेलं असतं आणि कोणाची नांगरट राहिलेली असते, कोणाचं शेणखत पडायचं असतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी थाट मोठा. पोलीस परेड मैदानावर पालकमंत्री झेंडा लावतात, संचलन होतं, पोलिसांना सन्मानचिन्हं देतात आणि आदर्श तलाठ्याचा सत्कार करतात. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा आदेश निघाला आहे, पण आम्ही आपले जुन्या सवयीने तलाठीच म्हणतो. सत्कार जरूर व्हावा. आमचं मागणं एवढंच की निवड समितीत त्या सजातल्या एका शेतकऱ्याला खुर्ची द्यावी. मग आदर्श कोण ते लवकर ठरेल, किंवा त्या वर्षी पुरस्कार रद्द करावा लागेल.

याच दिवसांत पुढेमागे आपली आखाजी येते. आखाजीला कोणी परिपत्रक काढत नाही. तरी झोके बांधले जातात, गौराई बसते, लेकी माहेरी येतात, सांजोऱ्या तळल्या जातात, गेल्या सालचा सालदार मोकळा होतो आणि नवा ठरतो. आखाजी आपली आहे, एक मे सरकारचा आहे, असं आपल्या मनात कुठेतरी बसून गेलं आहे. आमचं म्हणणं, हे चुकलं. एक मे सुद्धा आपलाच दिवस होता. तो हातातून कसा गेला ते आज थोडं बघू.

आमच्यात एक आबा आहेत. वयाची पंच्याऐंशी ओलांडली, आज उन्हामुळे आले नाहीत. पोरवयात ते मुंबईला मामाकडे गेले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या तेव्हा ते गर्दीच्या पार मागच्या टोकाला होते. पुढे काय झालं ते त्यांना दिसलं नाही, लोक मागे पळत आले ते मात्र दिसलं. त्यानंतर जानेवारी १९५६ मध्ये तर मुंबईत दिवसच्या दिवस गोळीबार चालला. हुतात्म्यांची यादी १०५ ची म्हणा की १०६ ची म्हणा, ती वाचली तर त्यात जमीनदार, कारखानदार सापडत नाहीत. गिरणीत राबणारी, फेरी करणारी, पोटासाठी गाव सोडून आलेली माणसं आहेत. म्हणजे कालपरवापर्यंत शेतातच असलेली.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार, सेनापती बापट. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका व्यासपीठावर आले. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांनी डफ हातात घेतला. पण समितीला बळ दिलं ते खेड्यांनी. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांनी समितीच्या पेट्या भरल्या. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा काळी निशाणं घेऊन घाटात जी माणसं उभी राहिली त्यांतले कितीतरी मुंडासंवाले होते. दिल्लीला हे सगळं मोजता येत होतं. अखेर १ मे १९६० ला राज्य झालं.

मुंबईला गेलात तर हुतात्मा चौकात जाऊन या. मशाल धरून दोघे उभे आहेत, एक कामगार आणि एक शेतकरी. राज्य मिळवण्याचं श्रेय दगडात कोरायची वेळ आली तेव्हा आपली आठवण झाली होती. दर एक मेला तिथे पुष्पचक्र वाहतात. दगडाच्या शेतकऱ्याला वर्षातून एकदा हार मिळतो. हाडामांसाच्या शेतकऱ्याला काय मिळालं, त्याचा हिशेब मागायचा तर तारीखही तीच चांगली.

हिशेबात जमेची बाजू आहे. ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. राज्य झालं म्हणून १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा झाला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या त्या १ मे १९६२ ला, म्हणजे मुद्दाम हाच दिवस धरून. गावच्या माणसाला जिल्ह्याच्या पैशावर बोलता यावं हा त्यामागचा विचार होता आणि विचार चांगला होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून का होईना लोक जगले आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. नंतर काय झालं? २०२२ साली मुदती संपल्या आणि जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. ज्या संस्थेचा वाढदिवस एक मेला असतो तिच्यात लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही, आणि झेंडा मात्र वेळेवर लागतो. हेही आपण पाहिलं.

आता आमच्या मनात सगळ्यांत जास्त सलतं ते सांगतो. सलतो तो कापूस.

तरुण मंडळींना हे सांगावं लागेल, कारण त्यांनी ते दिवस पाहिले नाहीत. १९७१ साली कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा झाला आणि पुढच्या हंगामापासून तो लागू झाला. कायद्याचा अर्थ सोपा होता. तुमच्या शेतात पिकलेला कापूस तुम्ही सरकारच्या खरेदी केंद्रावरच घालायचा. दुसऱ्या कोणाला विकायचा नाही आणि राज्याच्या बाहेर न्यायचा नाही. तीस वर्षं ही योजना चालली. चोपडा-शिरपूरच्या माणसाला सेंधवा किती लांब? रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूर किती लांब? तिथे जिनिंग आहेत, तिथे व्यापारी रोख पैसे मोजतोय, आणि इकडे केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली. ग्रेडर कापसात हात घालणार, बोंडअळीचा, कवडीचा, ओलाव्याचा म्हणणार, प्रत खाली टाकणार. चुकारा महिनोन्‌महिने नाही. भांडवल निधीच्या नावाने कपात वेगळी. पोरीचं लग्न माघात आणि चुकारा जेठात.

मग माणसं काय करायची? रात्री निघायची. गाडीत खाली कापूस, वर कडबा. हमरस्ता सोडून नाल्या-नाल्याने. आमच्यातल्या तिघांनी हे केलेलं आहे, ते आज इथे बसले आहेत, नावं कशाला सांगता म्हणून डोळे वटारताहेत. त्यांतल्या एकाची गाडी सीमेवरच्या एका नाक्यावर पकडली. पहाटेपर्यंत बैल जुंपलेलेच ठेवले. शेवटी साहेबांचा हात ओला केला आणि गाडी माघारी फिरवली. तो अजून सांगतो, चोरी केल्यासारखी मान खाली घालून मी घरी आलो, आणि माल तर माझाच होता. चोरी कोणाची केली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ही हकीगत आबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आम्ही मुंबईसाठी गेलो होतो, नाक्यासाठी नव्हतो गेलो.

भावांनो, सीमा कशाला मागितली होती? आपल्या भाषेत कारभार व्हावा, आपला माणूस आपल्याला समजेल असं बोलावा, म्हणून. त्या सीमेचं सरकारने काय केलं? आपला माल आत कोंडून ठेवायला कुंपण केलं. एक गोष्ट खरी, मंदीच्या वर्षी उलटी गंगा वाहायची. बाहेर भाव पडला की इथला हमीभाव वर राहायचा आणि शेजारच्या राज्यांतला कापूस गुपचूप आपल्या केंद्रावर यायचा. त्या वर्षी योजनेने काही घरं तारली. पण तेजीच्या वर्षी दार लावायचं आणि मंदीच्या वर्षी हात धरायचा, हा व्यवहार शेतकऱ्याला विचारून ठरलेला नव्हता. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, दार उघडं ठेवा, मंदीचं मी बघतो.

आणि याच मातीत केळी होती. केळीला कोणी राज्याची सीमा आडवी घातली नाही. सावदा, रावेर, निंभोऱ्याहून डबे भरून केळी दिल्लीकडे गेली. केळीवाला सुखी झाला असं आम्ही म्हणत नाही. बोर्डावरचा भाव एक आणि बागेतला भाव दुसरा, हे रडगाणं त्याच्या पाठी आहेच. पण रात्री नाल्यातून केळी न्यायची पाळी त्याच्यावर आली नाही.

हे जुनं झालं, असं कोणी म्हणेल. जुनं झालेलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने आदेश काढला की महाराष्ट्रातला ऊस परराज्यात न्यायचा नाही. सीमेवरच्या ऊसवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून तो थोड्याच दिवसांत मागे घ्यावा लागला. आदेश काढणाऱ्या हाताला कुंपण घालायची खोड आहे. ती एका कायद्याबरोबर गेलेली नाही.

मराठी मुलखाच्या कडेने एक फेरी मारली तर आणखी काय दिसतं? निपाणी बघा. निपाणी भाग मराठी बोलतो. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो म्हैसूर राज्यात गेला. निपाणीच्या कमलाबाई मोहिते यांचं नाव संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांत आहे. पुढे महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं, बेळगाव तिकडेच ठेवावं म्हटलं, आणि काहीच झालं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिकडची मराठी माणसं १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. त्याच दिवशी तिकडच्या सरकारचा राज्योत्सव असतो. एका गल्लीत गुढ्या-पताका, दुसऱ्या गल्लीत काळ्या फिती.

पण निपाणी आपल्या चळवळीला आठवते ती दुसऱ्या कारणाने. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता अडवला. रस्त्यावरच तळ पडला, चुली पेटल्या, त्याला आंदोलननगर नाव पडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले. तेव्हा काही जण म्हणाले, बघा, कानडी पोलीस, मराठी शेतकरी, दुसरं काय होणार! त्यांना आम्ही नरगुंद-नवलगुंद दाखवतो. १९८० च्या जुलैत तिथे पाणीपट्टी आणि सुधार कराच्या विरोधात शेतकरी उठले. गोळ्या झाडणारे कानडी, मरणारेही कानडी. आणि १० नोव्हेंबर १९८० ला आपल्या नाशिक जिल्ह्यात खेरवाडीला कांदा-उसाच्या आंदोलनात दोन शेतकरी पडले, तिथे पोलिसांना मराठी येत नव्हतं का? २०११ साली मावळात तिघे पडले, तेव्हा हुकूम कोणत्या भाषेत सुटला होता? वखारीत तंबाखूचा भाव पाडताना कोणी विचारत नव्हतं, तुझी मातृभाषा काय.

याचा अर्थ भाषेचा प्रश्न खोटा आहे असा नाही. सातबारा ज्या भाषेत येतो ती आपल्याला वाचता आली पाहिजे, हा प्रश्न जगण्याचा आहे. निपाणी-खानापूरकडच्या शेतकऱ्याला मराठीत उतारा मिळत नाही म्हणून तो तक्रार करतो, ती रास्तच आहे. पण उतारा मराठीत आला म्हणून मालाला भाव येत नाही. दोन्ही मागण्या वेगळ्या मांडल्या पाहिजेत आणि दोन्ही मांडल्या पाहिजेत.

दुसरीकडे सांगलीचा जत तालुका बघा. तिथली गावं मराठी राज्यात आहेत. २०२२ च्या अखेरीस त्यांतल्या काही गावांनी आम्ही कर्नाटकात जातो म्हटलं. का? पाण्यासाठी. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात चौदा गावं अशी की त्यांच्यावर इकडच्या राज्याचाही हक्क आणि तिकडच्याही. लोक दोन्हीकडे मतदान करत आलेत. त्यांचा एक मेही असतो आणि २ जूनला तेलंगणाचा दिवसही असतो. तिकडच्या सरकारने २०१८ पासून एकरी रोख मदत सुरू केली, मग त्या माणसाने कोणत्या गाण्याला उभं राहायचं? आम्ही तर म्हणू, दोन्ही गाण्यांना उभं राहा आणि दोन्हीकडून घ्या.

आता आज मलकापूर-नांदुऱ्याकडून जी मंडळी मुद्दाम आली आहेत त्यांच्यासाठी बोलतो. गेल्या वर्षी याच बैठकीत भांडण झालं होतं. विदर्भातल्या काही मित्रांनी सांगितलं, आम्ही एक मेला काळी फीत लावणार, तुम्हीही लावा. इकडचे काही जण चिडले, १०५ हुतात्म्यांचा अपमान म्हणाले. खुर्च्या सरकल्या. चहा न घेता दोन गाड्या परत गेल्या.

विदर्भाचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळा विदर्भ सुचवला होता. त्याआधी १९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला होता. नोकऱ्यांत, शिक्षणात, विकासाच्या पैशात वाटा देऊ, अधिवेशन नागपूरला घेऊ. अधिवेशन होतं, हिवाळ्यात होतं, हुरडा होतो. वाट्याचं काय? १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजून दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ साली, घटनेच्या ३७१ कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत संपली ३० एप्रिल २०२० ला. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राला साठ वर्षं पुरी झाली. टाळेबंदी होती, समारंभ झाले नाहीत, तेव्हा ही तारीख कोणाच्या लक्षातही आली नाही. साठीच्या आदल्या रात्री वाटणीचा कागद संपतो आणि घरात कोणी विचारत नाही, मग धाकटा भाऊ वेगळं राहायचं म्हणाला तर रागावता कशाला?

आणि कापसाचं कुंपण सर्वांत जास्त बोचलं ते यांनाच. यवतमाळ, अकोला, बुलडाण्याच्या शेतकऱ्याने त्या तीस वर्षांत काय गमावलं याचा हिशेब कोणी केला तर तो एक मेच्या भाषणात वाचायला हवा.

तरीसुद्धा आम्ही मलकापूरच्या भावांना एक विनंती करतो. काळी फीत लावायची असेल तर खुशाल लावा, संघटना अडवणार नाही. पण झेंड्याच्या खांबापाशी धक्काबुक्की नको. ज्यांच्या घरातलं माणूस त्या गोळीबारात गेलं ते हुतात्मे नाक्याचे गुन्हेगार नाहीत. आणि इकडच्यांनाही सांगतो, वेगळं राज्य मागणं म्हणजे मराठीशी बेइमानी असं बोलू नका. दोन राज्यांत मिळून मराठी बोलली तर ती कमी होत नाही. राज्य लहान असावं की मोठं, यावर आमचं आपसांत एकमत नाही, व्हायची घाईही नाही. माल कुठेही विकण्याची मोकळीक हवी, यावर आमच्यात मतभेद नाही. त्यावर एकत्र उभं राहू.

राहिली भाषेची गोष्ट. एक मे हा सरकारच्या दप्तरी राजभाषा दिनही आहे. राजभाषेचा कायदा १९६४ चा. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. आता शेतकऱ्याच्या घरातली पिशवी उघडू. तिच्यात सातबारा मराठीत आहे, पोटखराबा, फेरफार, बोजा, इतर हक्क, हे शब्द आपली आजीसुद्धा जाणते. त्याच पिशवीत पीक विम्याचा कागद, कर्जाचा करारनामा, ठिबकच्या हमीचं पत्र. बहुतेक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

आमच्या तालुक्यातल्या एका बाईंचं सांगतो. नवरा वारलेला, अडीच एकर, विमा भरलेला. वादळात पीक आडवं झालं. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवायचं असा नियम. तो नियम ज्या संदेशात आला तो मोबाइलवर इंग्रजीत होता. बाईंनी गुरुवारच्या वादळाची खबर सोमवारी तलाठ्याला दिली, कारण आयुष्यभर खबर तलाठ्यालाच द्यायची असते हे त्यांना माहीत. दावा नाकारला. आम्ही तिघे त्या कंपनीच्या माणसाकडे गेलो. तो मराठीच होता, बोलला गोड, आणि म्हणाला, काकू, संदेश तर गेला होता ना? वर्षभर अर्ज केले. पैसे अजून आलेले नाहीत. ज्या राज्यासाठी माणसं गोळ्यांपुढे उभी राहिली, त्या राज्यात मराठी न समजल्यामुळे कोणाचं नुकसान झालेलं नाही. इंग्रजी न समजल्यामुळे रोज होतं.

म्हणून या वर्षी आपण काय करायचं? एक मे हा ग्रामसभेचाही दिवस धरला जातो. तुमच्या गावात दुसरी तारीख ठरली असेल तर ती आजच विचारून ठेवा. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजर लागतात. गावोगाव काय होतं? झेंडा झाला की लोक घरी जातात आणि संध्याकाळी शिपाई वही घेऊन सह्या गोळा करत फिरतो. त्या वहीवर आपणच सह्या करतो. शंभर माणसं उन्हं चढायच्या आत दीड तास बसली तर गावाचा ठराव होतो, आणि तो खोडायला साहेबाला कारण लिहावं लागतं.

तीन ठरावांचे मसुदे आम्ही मराठीत करून आणले आहेत. पहिला, गावातल्या शेतकऱ्याची सही ज्या कागदावर घ्यायची तो कागद आणि त्याचा मोबाइलवरचा संदेश मराठीत असावा. दुसरा, शेतमाल राज्याबाहेर नेण्यावर कोणत्याही हंगामात बंदी घालू नये. तिसऱ्यावर मात्र आपल्याच लोकांची तोंडं वाकडी होणार आहेत. सातबाऱ्यावर घरच्या बाईचं नाव लावावं, हा तो ठराव. १९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या होत्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीत कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे केली. त्या वेळी आपण टाळ्या वाजवल्या. आणि आखाजीला लेक माहेरी आली की सांजोरी खाऊ घालून तिच्याकडून हक्कसोडीवर सही घेणारे आपणच. राज्याने वाटा दिला नाही म्हणून ओरडायचं तर घरातला वाटाही बघावा लागेल. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असा नियम आहे. ती कागदावर घेतात. या वर्षी खरी घ्या. तिसरा ठराव तिथूनच येऊ द्या, म्हणजे पुरुषांना तो खोडताना दहादा विचार करावा लागेल.

विषय ग्रामसभेत यायचे तर नोटीस निघायच्या आधी ते ग्रामसेवकाकडे लेखी गेले पाहिजेत. नोटीस सात दिवस आधी निघते. म्हणून २० एप्रिलच्या आत अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने... नाही, ते आता स्पीड पोस्टात विलीन झालं, तर स्पीड पोस्टाने पाठवा. ऊसतोडीला गेलेली मंडळी त्या आठवड्यात परत यायला लागतात, त्यांच्या वस्तीवर निरोप गेला पाहिजे, त्यांच्या मताशिवाय शंभराचा आकडा काही गावांत भरत नाही.

त्या विधवा बाई म्हणाल्या आहेत की त्यांच्या गावात पहिला ठराव त्या स्वतः मांडतील. त्यांना वाचता येतं, बोलायची सवय नाही. चोपड्याच्या दोघी-तिघींनी आदल्या दिवशी त्यांच्याकडे मुक्कामाला जावं. आता चहा घ्या, मग तालुकावार बसू. रावेर-यावल या ओसरीत, जामनेर-भुसावळ झाडाखाली, मलकापूरकर आमच्याजवळ बसा. गेल्या वर्षीचा चहा राहिला आहे.